ग्राउंड प्लस थ्री : उपनगरातल्या एका वास्तुप्रकाराची राहून गेलेली नोंद

आधुनिक वास्तुवारशावर बोलायला संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी आर्किटेक्ट नाही, इतिहासकारही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ते म्हणाले, "पण तुम्ही मुलुंडला राहता ना?" ही पात्रता मात्र माझ्याकडे आहे. (हशा)

सुरुवात एका जुन्या पुस्तकापासून करतो. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ साली निघालं. मुंबईवरचं मराठीतलं हे पहिलं मोठं पुस्तक. ते निघालं त्याच दशकात बार्टल फ्रियर या गव्हर्नरच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पाडली गेली. माडगावकर काही तटबंदी वाचवायला निघाले नव्हते. शहर भराभर बदलतंय, तेव्हा दिसतं ते लिहून ठेवावं, एवढाच त्यांचा खटाटोप. पुढे १८८९ साली आचार्य आणि शिंगणे या दोघांनी 'मुंबईचा वृत्तांत' लिहिला. आज एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईबद्दल मराठीत काही बोलायचं झालं तर या दोन पुस्तकांपाशी यावंच लागतं. मात्र ही मुंबई म्हणजे बेटांची मुंबई. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही साष्टीतली गावं, ठाणे जिल्ह्यातली. ती मुंबईत आली फार नंतर: महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणजे आमच्या उपनगरांना त्यांचा माडगावकर मिळालाच नाही. आणि आमची तटबंदी पाडण्याचं काम सध्या जोरात चालू आहे.

तटबंदी म्हणजे काय, ते सांगतो. त्यासाठी माझ्याच घराबद्दल बोलायला लागेल.

मी ज्या इमारतीत छत्तीस वर्षं राहिलो ती १९६८ सालची. तळमजला अधिक तीन. बारा बिऱ्हाडं. लिफ्ट नाही. २०१६ साली ती पाडली. पाडण्याच्या ठरावावर माझी सही आहे आणि ती कुणी जबरदस्तीने घेतलेली नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पत्नीचे गुडघे गेलेले. शेवटची दोन वर्षं ती लग्नकार्य सोडून खाली उतरली नाही. शिवाय स्लॅबमधून पाणी, खांबांवर भेगा, गंजून फुगलेल्या सळ्या. त्या सहीचा मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पश्चात्ताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. पाडकामाच्या आधी सोसायटीचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. त्यात मूळ आर्किटेक्टने काढलेले नकाशे होते. निळे, घड्यांवर फाटलेले, एका कोपऱ्यात महापालिकेचा शिक्का. कमिटीत आम्ही पाच जण. नव्या फ्लॅटचा रंगीत नकाशा समोर टेबलावर असताना जुना कोण बघतो? रद्दीवाल्याने किलोच्या भावाने नेले. त्या पाचांपैकी एक मी. ज्याने पस्तीसेक वर्षं मुलांना सांगितलं, की ज्ञानाला प्रमाण लागतं, त्याने प्रमाणच विकलं. आज त्या घरातल्या स्वयंपाकघराची रुंदी मला सांगता येत नाही. साडेसहा फूट होती की सात? पत्नी म्हणते सात. आमच्याकडे पुरावा नाही.

आता गंमत बघा. नव्या बावीस मजली इमारतीचं नाव तेच आहे. सोसायटी तीच, नोंदणी क्रमांक तोच, शेअर सर्टिफिकेटावर सभासद तेच. जमीन तीच. नामरूप हा शब्द आपण एका दमात उच्चारतो. इथे नाम राहिलं आणि रूप गेलं. नातवाला विचारलं, तू कुठे राहतोस, तर तो जे नाव सांगतो त्या नावाची दुसरीच वस्तू माझ्या मनात उभी राहते.

या इमारती आल्या कुठून? थोडा इतिहास बघू.

बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ साली गेली. त्याच्या थोडं आधी, १९२२ साली, क्राऊन आणि कार्टर या आर्किटेक्टांनी मुलुंड स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंतची आखणी केली. मुलुंडकरांना याचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे, कारण त्या रस्त्यांच्या कडेचं जवळजवळ सगळं बदललं तरी रस्ते अजून तिथेच आहेत. सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातही जुनी: गावदेवीला सारस्वत मंडळींची सोसायटी १९१५ सालची. दादर-माटुंग्याला मग फ्लॅट पद्धत रुजली. निखिल राव यांचं १८९८ ते १९६४ या काळातल्या मुंबईच्या उपनगरी फ्लॅट-जीवनावरचं इंग्रजी पुस्तक आहे, जरूर वाचा. संडास घराच्या आत येणं ही मध्यमवर्गासाठी सामाजिकदृष्ट्या केवढी मोठी गोष्ट होती, हे त्यात कळतं. आपण आज हसतो, पण चाळीतून आलेल्या माणसाला विचारा.

आमच्या पट्ट्यातली खरी बांधकामं स्वातंत्र्यानंतरची, आणि त्यांच्यामागे कायदे आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्याने द्यायला इमारत बांधणं परवडेना. मग मालकी हक्काचे फ्लॅट आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी सहकारी संस्थांचा कायदा. १९६३ साली मालकी फ्लॅटचा कायदा, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. एका बँकेतले कारकून, एका शाळेतले शिक्षक, एका तालुक्यातून आलेले लोक एकत्र येत, प्लॉट घेत, कर्ज काढत. दुसरीकडे सरकारचं हाउसिंग बोर्ड वसाहती बांधत होतं. घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर, गोरेगावचं मोतीलाल नगर. १९७७ साली हाउसिंग बोर्डाची 'म्हाडा' झाली. कन्नमवार नगर हे नाव तर दगडावर कोरलेल्या सनासारखं आहे: मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असताना १९६३ च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा हे नाव त्यानंतरचंच असणार.

इमारत तीन-चार मजलीच का? पुष्कळांना वाटतं की तेव्हाची माणसं साधी होती म्हणून. तसं नाही, हा शुद्ध भागाकार आहे. उपनगरात एफएसआय एक. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून हजार मीटर बांधायचं. तुम्ही प्लॉटच्या पाव भागावर, अडीचशे मीटरवर, इमारत उभी केलीत तर चार मजले झाले: तळमजला अधिक तीन. एवढ्याला लिफ्ट न लावता चालत असे, आणि लिफ्ट परवडणारीही नव्हती. आणि पाऊण प्लॉट मोकळा! त्या मोकळ्या पाऊण प्लॉटवर नारळ, बदाम, पाण्याची टाकी, गणपतीचा मांडव आणि काच फुटेपर्यंतचं क्रिकेट. उपनगराची हवा, उपनगराची झाडी असं आपण म्हणतो, तिचा उगम एका अपूर्णांकात आहे.

आता इमारतीत शिरू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, क्षमा करा. फाटकावर किंवा पॅरापेटवर नाव, बहुधा सिमेंटमध्येच उठावदार अक्षरांत. 'श्रमसाफल्य', 'मातृछाया' असलं काहीतरी. देवनागरी अक्षरं गवंड्याने कर्णीने घडवलेली, त्यामुळे दोन इमारतींवरचा 'श्र' सारखा नसे. जिन्याच्या भिंतीला सिमेंटची जाळी. ही जाळी म्हणजे या इमारतींचा चेहरा. चौकोन, पाकळ्या, तिरप्या पट्ट्या. साच्यात ओतलेल्या, स्वस्त. तिच्यातून जिन्यावर हवा येते, पावसाची झड येते, आणि दुपारी पायऱ्यांवर नक्षी पडते. मुंबईच्या दमट हवेत जिना कोंदट राहू नये याचं याहून स्वस्त उत्तर मला ठाऊक नाही. खिडक्यांवर सलग छज्जा, दीडेक फूट बाहेर आलेला. दारावर झडप, म्हणजे रात्री दार लावलं तरी वारा फिरतो. जमिनीला मोझॅक टाइल्स, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, मोरीत शहाबादी फरशी. बाहेरच्या खोलीला बाल्कनी, जिला आपण गॅलरी म्हणतो. जिन्याच्या कठड्यावर एक सलग गुळगुळीत लाकडी पट्टी, जिच्यावरून प्रत्येक पिढीतली मुलं घसरली आणि प्रत्येक पिढीतल्या सेक्रेटरीने त्यांना दम दिला.

जिन्याच्या मधल्या वळणावर एक चौक असे, चार बाय आठ फुटांचा. नकाशात त्याला काही नाव नसतं. आमच्याकडे तिथे भाजीवाली टोपली टेकवायची, दोन मजल्यांवरच्या बायका तिथेच भेटायच्या, दहावीचे निकाल तिथे कळायचे. लिफ्टच्या इमारतीत असा चौक नसतो. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, नाही असं नाही, पण आकडे बघत असतात.

गॅलरीचंही सांगतो, कारण तिच्यात नियम आणि माणूस यांची कुस्ती दिसते. जुन्या नियमांत मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंतची बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नसत. म्हणून बिल्डर बाल्कनी देई. लोक तिला सरकत्या काचा लावून आत घेत आणि तिथे मुलाचं अभ्यासाचं टेबल येई. उपनगरातले कितीतरी इंजिनिअर आणि सीए या बंद गॅलऱ्यांत तयार झाले. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात झाली आणि त्याबदल्यात पस्तीस टक्के 'फंजिबल' एफएसआय आला. नव्या इमारतींच्या भिंती सपाट झाल्या त्याचं एक मोठं कारण हे. लोक म्हणतात, आर्किटेक्टांची अभिरुची बिघडली. अभिरुचीचा संबंध थोडा, गणित बदललं.

आणि मूळ भागाकार तर १९९१ मध्येच बदलला होता. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर आला, म्हणजे एका ठिकाणचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेऊन वापरायची सोय. तो बेटावर वापरायचा नाही, उत्तरेकडे उपनगरांत वापरायचा. म्हणजे दादरच्या दक्षिणेला जे वाचवलं, त्याची उंची अंधेरी-बोरिवलीला येऊन वाढली. हे मी दोष म्हणून सांगत नाही, यंत्रणा म्हणून सांगतो. एकाऐवजी दोन एफएसआय मिळणार म्हटल्यावर प्रत्येक तीन मजली इमारत ही अर्धवट वापरलेली जमीन ठरली. तिच्या सौंदर्याशी कुणाला काही घेणं राहिलं नाही.

मग वारशाचे कायदे काय करतात? मुंबईचे हेरिटेज नियम १९९५ सालचे, भारतातल्या शहरांत पहिले. यादीत सहाशेच्या वर नोंदी, त्यातल्या बहुतेक दक्षिण मुंबईतल्या. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक यादीत गेल्या, ९४ इमारती. आनंद आहे. विसाव्या शतकातली सिमेंट-काँक्रीटची राहती घरं वारसा ठरू शकतात, हे निदान मान्य झालं. ओव्हलसमोरच्या एम्प्रेस कोर्टसारख्या इमारती गजानन बाबूराव म्हात्रे या मराठी वास्तुविशारदाच्या, हेही आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. कमू अय्यर यांनी २००० साली म्हात्र्यांच्या कामावर पुस्तक काढलं म्हणून ते नाव टिकलं. आर्ट डेको मुंबई ही संस्था रस्तोरस्ती फिरून नोंदी करते, वांद्र्यासारख्या उपनगरांतही. पण १९५५ नंतरचं, साधं, अलंकार नसलेलं जे आहे, त्याचं काय? ते डेकोही नाही आणि जुनंही नाही.

'जुनं' या शब्दाची पण मजा आहे. केंद्राचा पुरातत्त्व कायदा शंभर वर्षं मागतो. इंग्लंडमध्ये साधारण तीस वर्षांनी इमारत यादीत घेण्याचा विचार होतो, अमेरिकेत पन्नास. दिल्लीत प्रगती मैदानावरचा 'हॉल ऑफ नेशन्स' होता: राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकी, १९७२ साल. समितीने म्हटलं की साठ वर्षांखालच्या इमारतींचा विचार नाही. एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडला, वय पंचेचाळीस. आता मला सांगा, मुंबईत काँक्रीटच्या इमारतीला तिसाव्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं आणि चाळिसाव्या वर्षी बिल्डर दारात उभा असतो. साठाव्या वर्षापर्यंत ती वारसा व्हायला जगणार कशी?

पण माझी खरी अडचण वयाची नाही. इथे मला माझ्या विषयाचा आधार घेऊ द्या, दोनच मिनिटं. न्यायसूत्रांत गौतमाने प्रश्न घातला आहे, की 'गाय' या शब्दाचा अर्थ काय? समोरची ही एक गाय, म्हणजे व्यक्ती? गायीची ठेवण, म्हणजे आकृती? की गायपण, म्हणजे जाती? आणि उत्तर दिलं, तिन्ही. आपले हेरिटेजचे नियम फक्त व्यक्ती ओळखतात. ही इमारत विशेष आहे का, हिचा आर्किटेक्ट थोर आहे का, इथे कुणी मोठा माणूस राहिला का? परिसराची म्हणून तरतूद आहे, पण त्यालाही सलग आणि डोळ्यात भरणारं काही लागतं. आमची ग्राउंड प्लस थ्री इमारत व्यक्ती म्हणून अगदी सामान्य आहे. मुद्दाम जाऊन बघावी अशी एकही नाही. तिचं महत्त्व जातीत आहे. अर्धं शतक लाखो माणसांनी जे एक राहणं घडवलं, ते तिच्यात आहे. २०११ च्या जनगणनेत बेटावर सुमारे ३१ लाख माणसं आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांच्या वर. म्हणजे मुंबईचा वारसा म्हणून ज्याची यादी केली ते एका माणसाचं शहर, आणि ज्याची केली नाही ते तिघांचं.

जातीचं एक वाईट असतं. तिच्यातली कुठलीही एक व्यक्ती गेली तर काही बिघडत नाही. ग्रीकांचा ढिगाचा कूटप्रश्न आहे ना, धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग राहतो का? राहतो. अजून एक काढला? तरी राहतो. प्रत्येक सर्वसाधारण सभेत हाच युक्तिवाद होतो आणि प्रत्येक सभेत तो बरोबर असतो. आमच्या सभेतही होता. आमच्या रस्त्यावर तेव्हा अशा अकरा इमारती होत्या. आज दोन आहेत, आणि त्यातल्या एकीवर बिल्डरचा फलक लागला आहे.

मग काय त्या ठेवायच्या? नाही. इथे मी वारसाप्रेमी मित्रांपासून वेगळा होतो. २५ जुलै २०१७ ला घाटकोपर पश्चिमेला एक चार मजली निवासी इमारत सकाळी कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीत खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. सिमेंट नियंत्रणाच्या काळातल्या, खाडीच्या वाळूने बांधलेल्या इमारतीत आत सळीचं काय झालंय हे बाहेरून कळत नाही. म्हाडाच्या वसाहतींत दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या राहिल्या. पुनर्विकासात त्यांना किमान ३५ चौरस मीटरचं घर मिळतं. त्या माणसाला मी जाळीतून पडणाऱ्या उन्हाबद्दल व्याख्यान द्यायचं? २०१२ साली हेरिटेजची वाढीव यादी आली आणि तिच्यात शिवाजी पार्कचा परिसर होता, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध तिथल्या रहिवाशांनीच केला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्याच्या घराला तुम्ही वारसा म्हणता त्याच्या गुडघ्यांचा खर्च तुम्ही देत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. व्यक्ती जाणार. जाती जाणार असं दिसतंय. आकृती ठेवता येते. मोजून, काढून, लिहून.

१९८८ साली नेदरलँड्समध्ये 'डोकोमोमो' नावाची संस्था निघाली, आधुनिक वास्तूंसाठी. तिच्या नावातच आधी डॉक्युमेंटेशन आहे आणि मग जतन. त्याहून मला भावतं ते अमेरिकेतलं १९३३ चं उदाहरण. महामंदीत आर्किटेक्टांना काम नव्हतं. सरकारने त्यांना पगार देऊन देशभरच्या जुन्या इमारती मोजायला लावलं. नुसते वाडे आणि चर्च नाहीत, साधी घरं, कोठारंसुद्धा. ते नकाशे काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत आणि मोजलेल्यांपैकी कित्येक इमारती आज नाहीत. आपल्याकडे मंदी नको, पण मुंबईत आर्किटेक्चरची कॉलेजं कितीतरी आहेत. जे. जे. आहे, प्रभादेवीला रचना संसद, जुहूला कमला रहेजा. मुलांना मोजणीचे नकाशे काढायला शिकवतातच. त्यासाठी लांबच्या वाड्यांना, मंदिरांना सहली जातात, जावंच. त्यातल्या एका वर्गाने बोरिवलीच्या जीवन बिमा नगरात उतरावं, पंतनगरात उतरावं.

काय नोंदवायचं? मंजूर नकाशा हा पहिला कागद. सोसायटीच्या कपाटात असतो, नाहीतर पालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. मिळतो, कधी नाही मिळत. पण मंजूर नकाशा म्हणजे इमारत नव्हे. आर्किटेक्टने काढलं तो एक मजकूर, आणि रहिवाशांनी पन्नास वर्षं त्यावर केलेलं ते भाष्य. मोरीचं बाथरूम झालं, गॅलरीची खोली झाली, दारावर पोटमाळा आला, तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या आजोबांनी खिडकी फोडून झेरॉक्सचं दुकान काढलं. बाराच्या बारा घरं नकाशात एकसारखी आणि प्रत्यक्षात बारा तऱ्हेची. म्हणून दोन्ही हवेत: मूळ नकाशा, आणि आजचा, पन्नासास एक या प्रमाणात, पाडण्याआधीचा. जाळीच्या एका तुकड्याचं माप, शक्य तर तुकडाच. फाटकावरच्या नावाचा फोटो. जिन्याच्या पायरीची उंची, कारण म्हातारपण कुठे अडलं ते तिथे कळतं. सोसायटीचं पहिलं इतिवृत्ताचं पुस्तक. त्यात सिमेंटची पोती मिळाली नाहीत म्हणून काम थांबल्याच्या नोंदी सापडतात. आणि जुन्या सभासदांशी बोलणं.

एक करता येईल, आणि ते कुणा मंत्र्याची वाट न पाहता. पुनर्विकासाच्या ठरावासाठी कलम ७९अ खाली एवढे कागद लागतात: ऑडिट, व्यवहार्यता अहवाल, निविदा, एक्कावन्न टक्के सभासदांची संमती. त्या ढिगात प्रत्येक सोसायटीने स्वतःच्या ठरावाने एक ओळ घालावी: जागा रिकामी करण्याआधी इमारतीची मोजणी आणि छायाचित्रण, खर्च बिल्डरचा, एक प्रत सोसायटीकडे, एक कॉलेजकडे. बावीस मजल्यांच्या प्रकल्पात हा खर्च लॉबीतल्या झुंबराइतकासुद्धा नाही. अट घालायची वेळ सही करण्याआधीची. नंतर कुणी ऐकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

कागद कुठे जातात याबद्दल थोडं. चार्ल्स कोरिया यांनी आपल्या कामाचे सहा हजारांवर नकाशे लंडनच्या ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेकडे दिले. मोठ्या माणसाला निदान लंडन मिळालं. आमच्या इमारतीच्या आर्किटेक्टचं नाव मला आता आठवत नाही. स्टेशनजवळ एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं आणि त्यांनी मुलुंड-भांडुपात अशा बऱ्याच इमारती केल्या, एवढंच लोक सांगतात. अशी माणसं प्रत्येक उपनगरात दोन-चार होती. उपनगरं बांधली ती त्यांनी. त्यांच्या मुलांनी ऑफिस विकलं असेल तेव्हा ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्यांचं काय झालं असेल, ते माझ्या कमिटीवरून मी ओळखतो.

कुणी म्हणेल, उपनगरात आधुनिक असं टिकलेलं काहीच नाही का? आहे. जुहूचं पृथ्वी थिएटर घ्या. वेद सेगन यांची रचना, नोव्हेंबर १९७८ मध्ये उघडलं, आणि पहिलं नाटक आपल्या गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीत. तीन बाजूंना प्रेक्षक, दोनशेच्या आसपास खुर्च्या, मागच्या रांगेतही नटाचा श्वास ऐकू येतो. कुठली यादी होती म्हणून ते टिकलं असं नाही. रोज संध्याकाळी तिथे नाटक होतं म्हणून टिकलं. राहत्या घराला मात्र तेवढं पुरत नाही. तिथे रोज संध्याकाळी माणूस असतोच, आणि तरी ते जातं.

माझा वेळ संपत आला. मघाशी सांगितलं, आमच्या रस्त्यावर दोन इमारती उरल्यात. फलक लागलाय त्या इमारतीच्या सेक्रेटरीणबाईंना मी भेटलो. आधी त्यांना वाटलं मी विरोध करायला आलोय. मग म्हणाल्या, "सर, मोजा ना, पण पाहुणे येण्याच्या आत आटपा." जुहूची दोन मुलं येणार आहेत, लेझरचं मोजमाप यंत्र घेऊन. मी साधी टेप घेऊन जाणार आहे. ती इमारत आमच्याच आर्किटेक्टची, बहुतेक त्याच नकाशावरची. जाळीही तीच, पाकळ्यांची. रविवारी सकाळी साडेआठ वाजता सुरुवात. सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं स्वयंपाकघर मोजायचं, असं पत्नीने बजावलं आहे.

ज्यांच्या कपाटात निळे नकाशे असतील त्यांनी व्याख्यानानंतर मला थांबून भेटा. फाटलेले चालतील.